कल्पनाच्या अभिनयाचं श्रेय लेखिकांना आणि तिलाही

एक मत असं की कन्नड अभिनेत्री कल्पना म्हणजे दिग्दर्शक पुट्टण्णा कणगाल यांनी घडवलेली मूर्ती, बाकी काही नाही. अर्धंच पटतं. 'साकु मगळु'मधून (१९६३) ती पडद्यावर आली ती दिग्दर्शक बी. आर. पंतुलूंकडे, पुट्टण्णा नंतरचे. शिवाय सहसा कुणी काढत नाही असा मुद्दा म्हणजे पुट्टण्णांच्या चित्रपटांच्या कथा कुणाच्या होत्या. 'बेळ्ळिमोड' आणि 'शरपंजर' त्रिवेणींच्या कादंबऱ्यांवर, 'गेज्जेपूजे' एम. के. इंदिरांच्या कादंबरीवर. तिन्ही कादंबऱ्या बायकांनी लिहिलेल्या. त्रिवेणी तर मानसशास्त्र शिकलेल्या आणि १९६३ मध्येच गेल्या, त्यामुळे कल्पनाने पडद्यावर साकारलेली त्यांची नायिका कावेरी त्यांनी पाहिलीच नाही.

'शरपंजर'मधली (१९७१) ही कावेरी बाळंतपणानंतर आजारी पडते, इस्पितळातून बरी होऊन घरी येते आणि मग घरचेदारचे तिच्या साध्या हसण्यातही वेड शोधायला लागतात. कल्पना तिथे आरडाओरडा करत नाही. आधी नुसती गोंधळून बघत राहते, आणि तेच जास्त लागतं. (शेवटाकडे आवाज चढतो, ते मान्य.) दिग्दर्शकाचं श्रेय आहेच, पण पुट्टण्णांच्या सगळ्याच नायिकांना हे जमलेलं नाही.

बाकी, १९७९ मध्ये कल्पना गेली ती कर्नाटकात संकेश्वरजवळच्या गोटूरला, नाटकाच्या दौऱ्यावर असताना. म्हणजे आपल्या गडहिंग्लजपासून हाकेच्या अंतरावर.