मदत हवी आहे: गाडीला क्ले करूनही पेंट खरखरीत, वॅक्स कसं लावू?

काळी हॅचबॅक, ६ वर्षं जुनी, पेंट कंपनीचाच. गाडी रोज अंबड एमआयडीसीत उघड्यावर असते त्यामुळे बॉनेटवर लोखंडाचे बारीक कण बसलेत. शाम्पूने दोन बादल्या घेऊन धुतली, मग शाम्पूचंच पाणी मारत क्ले बार (पेंटला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवला, तरी हातात प्लास्टिकची पिशवी घालून बघितलं की खरखर लागतेच, वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग ते वेगळेच (व्हिनेगर-पाण्याने थोडेच गेले). पॉलिशिंग मशीन नाहीये, सगळं हातानेच, आणि सावली सकाळी ९ पर्यंतच मिळते. आता आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे) मारून परत क्ले करू, की क्लेमुळे काळ्यावर बारीक ओरखडे दिसायला लागलेत म्हणून आधी हाताने पॉलिश करून मग वॅक्स लावू?