मदत हवी आहे: फोर्कचा ट्रॅव्हल 140 वरून 120 मिमी करायचा आहे. स्पेसर की नवा एअर शाफ्ट?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात मुलीच्या हार्डटेलला (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) जुना, पण चांगल्या स्थितीतला रॉकशॉक्स पाइक हा पुढचा सस्पेन्शन फोर्क बसवला. 29 इंची चाकाचा, सोलो एअर (हवेच्या स्प्रिंगचा), 140 मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा. फ्रेम मात्र 120 च्या फोर्कसाठी बनवलेली आहे. बसवताना मला वाटलं होतं की 20 मिमीनं फारसं काही बिघडणार नाही.

बिघडलं. खड्या चढावर पुढचं चाक उचलतंय. ती बिचारी पुढे सरकत सीटच्या टोकावर येते, तरी हँडल डावी-उजवीकडे भरकटतं. आधी मला वाटलं तिची सवय मोडली असेल. मग सायकल भिंतीला लावून नीट मोजमाप केलं, तेव्हा कळलं की दोष तिचा नव्हताच. पुढून उंच झाल्यामुळे अख्खी सायकल मागच्या एक्सलभोवती मागे कलली आहे. हेड अँगल (फोर्क बसतो त्या हेड ट्यूबचा कोन) जवळपास एक अंशानं कमी झालाय, सीट ट्यूबही तेवढीच मागे झुकली आहे आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अक्ष) साधारण 7 मिमी वर गेलाय. शिवाय फ्रेमच्या माहितीपत्रकात कमाल फोर्क 120 मिमी असं स्पष्ट लिहिलंय. फोर्क जितका लांब, तितका त्याच्या तरफेचा जोर हेड ट्यूबच्या जोडावर जास्त. चढाचा त्रास एक वेळ चालेल, पण या जोडाचा विचार आला की मला झोप लागत नाही.

आतापर्यंत दोन गोष्टी करून पाहिल्या. हवा कमी केली, तर सॅग (बसल्यावर वजनानं फोर्क जितका दबतो ते) वाढला आणि सपाटीवर पुढची बाजू खाली आली. पण चढावर वजन मागे गेलं की फोर्क पुन्हा पूर्ण उघडतो, आणि उतारावर ब्रेक दाबला की नको तितका खचतो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक टोकन (हवेच्या कप्प्यातली जागा कमी करणारा तुकडा) वाढवलं. त्यानं शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर कडक झाले, एक्सलपासून क्राउनपर्यंतची (क्राउन म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय वर जोडणारा भाग) लांबी होती तेवढीच राहिली.

म्हणून विचारते: या फोर्कमध्ये स्पेसर (अंतर भरणारा तुकडा) घालून ट्रॅव्हल कमी होतो का, की एअर शाफ्टच (हवेचा पिस्टन धरणारा दांडा) बदलावा लागतो? डँपरच्या (उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागाच्या) बाजूला काही बदलावं लागेल का? पूर्ण दाबल्यावर टायर क्राउनला घासेल का? खालचे पाय (फोर्कच्या बाहेरच्या नळ्या) काढून तेल बदलण्याचं काम मी घरी दोनदा केलंय, पण हवेची बाजू आतून कधी उघडलेली नाही.

प्रतिसाद 1

ताई, तुमचं निदान बरोबर आहे. हवा आणि टोकन यांनी स्प्रिंगचा स्वभाव बदलतो, फोर्कची लांबी बदलत नाही. लांबी कमी करायची तर फोर्क वरच्या टोकाला लवकर थांबला पाहिजे.

जुन्या फॉक्स फ्लोटमध्ये किंवा मॅनिटूच्या बऱ्याच फोर्कमध्ये हे काम शाफ्टवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या स्पेसरनं होतं. तुमच्या पाइकमध्ये तशी सोय नाही. त्यात ट्रॅव्हल एअर शाफ्टच्या लांबीवर ठरतो, म्हणून 120 चा शाफ्ट घ्या. घेताना मॉडेलचं वर्ष, चाकाचा आकार आणि सोलो एअर की डेबनएअर (रॉकशॉक्सचीच दुसरी हवेची स्प्रिंग) हे तिन्ही जुळवून पाहा. दिसायला सारखे शाफ्ट आतून वेगळे असतात.

डँपरला हात लावू नका, तोच 120 ला चालतो. टायरचीही काळजी नको. शाफ्ट आखूड केला की फोर्क उघडतो कमी, पण पूर्ण दाबल्यावर आधी जिथे पोचायचा तिथेच पोचतो. आधी घासत नसेल तर आताही घासणार नाही.

प्रतिसाद 2

माझ्याकडे कॉइल स्प्रिंगचा फोर्क होता तेव्हा मी घरीच पाइपचा तुकडा कापून स्पेसर केला होता. फोर्क खाली आला, पण स्प्रिंग आधीच दाबली गेल्यामुळे सुरुवातीलाच इतका ताठ झाला की लहान खड्डे थेट मनगटात यायचे. शेवटी आखूड स्प्रिंग घ्यावी लागली. हवेच्या फोर्कमध्ये तर असं घरगुती काही अजिबात घालू नका. दाबाखालचा भाग आहे तो.

प्रतिसाद 3

काम अवघड नाही, पण एका ठिकाणी थांबून विचार करा, ते म्हणजे सर्क्लिप, शाफ्टला आत अडवून ठेवणारी क्लिप. ती काढण्याआधी वरच्या झडपेतून सगळी हवा सोडा, फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि पुन्हा सोडा. पिस्टनखालच्या निगेटिव्ह कप्प्यात दाब अडकलेला असला तर क्लिप सुटताच शाफ्ट बंदुकीसारखा बाहेर येतो. तोंड कधीही त्या रेषेत नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

बाकी क्रम तुम्हाला माहीत आहे. रिबाउंडची (फोर्क परत उघडण्याचा वेग ठरवणारी) लाल घुंडी ओढून काढा, 5 मिमीच्या अ‍ॅलन कीनं तळाचे दोन्ही बोल्ट काही आटे सैल करा, रबरी हातोडीनं हलकेच ठोका, बोल्ट काढा आणि पाय खाली ओढा. तेल सांडणार, भांडं ठेवा. शाफ्ट डाव्या पायात असतो, म्हणजे सीटवर बसल्यावर तुमच्या डाव्या हाताला. नवा आत सरकवण्याआधी सीलना सस्पेन्शनचं ग्रीस लावा, पण थापू नका. जास्त झालेलं ग्रीस हवेची वाट अडवतं. क्लिप परत बसवताना तिची धारदार कड बाहेरच्या बाजूला हवी. बसल्यावर शाफ्ट एकदा जोरात ओढून बघा. क्लिप खाचेत नीट बसली नसेल तर ते घरातच कळलेलं बरं. तळाच्या बोल्टना नवे क्रश वॉशर घाला आणि टॉर्क रेंचनं 7.3 न्यूटन-मीटर कसा. दोन्ही पायांत किती तेल ते मॅन्युअलमध्ये बघूनच घाला.

आणि एक. शाफ्ट आखूड झाला की पूर्ण दाबल्यावरही हवेच्या कप्प्यात आधीपेक्षा जास्त जागा उरते. त्यामुळे शेवटाला फोर्क आधीपेक्षा मऊ लागेल. तुम्ही वाढवलेलं टोकन काढू नका, आता त्याचा खरा उपयोग होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शाफ्ट आला आणि रविवारी काम केलं. क्लिपपाशी प्रतिसाद 3 शब्दशः पाळला. दुसऱ्यांदा झडप दाबल्यावर खरंच थोडी हवा निघाली!

पण एक अडचण आहे. हवा भरून मोजलं तर स्टँचियन (पायांत सरकणारी वरची नळी) 120 ऐवजी 113 मिमीच दिसतोय. हातानं ओढला तर थोडा वर येतो आणि सोडला की परत खाली बसतो. शाफ्ट चुकीचा आला का?

प्रतिसाद 3

शाफ्टवर छापलेलं माप बरोबर असेल तर बहुधा पायांच्या आत निर्वात झालाय. पाय दाबलेल्या अवस्थेत बोल्ट कसले की असं होतं. पातळ केबल टायचं गोल केलेलं टोक डस्ट सीलच्या (नळीभोवतीच्या धूळ अडवणाऱ्या रबराच्या) कडेनं हळूच आत सरकवा, फोर्क पूर्ण उघडा आणि टाय काढून घ्या. स्टँचियनला ओरखडा येऊ देऊ नका, धातूचं काहीही वापरू नका. तरी खाली बसलाच, तर निगेटिव्ह कप्प्यात हवा जास्त आहे. मग सगळी सोडून थोडी थोडी भरा आणि प्रत्येक टप्प्याला फोर्क दहा वेळा दाबा.

धागाकर्ती

केबल टाय आत जाताच फुस्स झालं आणि फोर्क वर आला. आता बरोबर 120. एक्सलपासून क्राउनपर्यंत मोजलं, पूर्ण 20 मिमी कमी. सगळी हवा सोडून फोर्क तळापर्यंत दाबूनही पाहिला, टायर आणि क्राउनमध्ये पुरेशी फट आहे. मग हवा भरून तिच्या वजनाला सॅग 24 मिमी लावला, म्हणजे 20 टक्के.

आज ती त्याच चढावर गेली आणि सीटवरून न उठता वर पोचली. हँडल मात्र तिला जरा खाली वाटतंय, म्हणून स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) वरचा 10 मिमीचा स्पेसर खाली घेतला. पुढच्या आठवड्यात क्लिप आणि तळाचे बोल्ट पुन्हा तपासून इथेच कळवते.