नॅपकिनवरची मेरी

बरोक म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या युरोपियन चित्रशैलीतल्या सगळ्या मेरी (येशूची आई) एकाच साच्यातल्या, गोडगोड कॅलेंडर छाप, हे तुमचं म्हणणं अर्धं पटलं. मुरिल्यो या स्पॅनिश चित्रकाराच्या इतक्या नकला निघाल्या की तोही त्यात गणला जातो बिचारा. पण त्याचं मेरी आणि बाळ येशूचं 'ला सेर्विएता' हे चित्र जरा झूम करून बघा की.

स्पेनमधल्या सेव्हिलच्या कापुचिन (ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) मठासाठी १६६० च्या दशकात केलेलं, जेमतेम सत्तर सेंटिमीटरचं जवळपास चौकोनी चित्र, आता तिथल्याच म्युझियममध्ये आहे. सेर्विएता म्हणजे नॅपकिन. गोष्ट अशी सांगतात की मठातल्या एका साधूने आठवण म्हणून चित्र मागितलं, जवळ कॅनव्हास नव्हता म्हणून मुरिल्योने जेवणाच्या नॅपकिनवरच काढून दिलं. प्रत्यक्षात चित्र कॅनव्हासवरच आहे, त्यामुळे ही शुद्ध लोणकढी, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरी मजा त्या पोरात, बाळ येशूत आहे. आईच्या हातातून अख्खं अंग पुढे टाकलंय, दारात पाहुणा आला की कडेवरचं मूल कसं झेपावतं ना अगदी तस्सं, आणि ते टपोरे काळेभोर डोळे थेट आपल्यावर. वाटतं आता फ्रेमच्या बाहेर पडतंय. आई मात्र धरून शांत बसलीये. मागे ढग नाहीत, देवदूतांची गर्दी नाही, नुसता काळोख.

नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हा साधूंनी मठातली चित्रं जिब्राल्टरला हलवली, म्हणून ती नेपोलियनचा सेनापती मार्शल सुल्तच्या तावडीतून वाचली. या माणसाने सेव्हिलमधून बाकीचे मुरिल्यो गाडे भरभरून नेले होते.