गल्लीचा ग्रुप: गुड मॉर्निंगच्या पलीकडे

गल्लीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे नुसते फुलांचे फोटो आणि गुड मॉर्निंग, असं म्हणतात. आमच्याकडेही तेच चालायचं की. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावात पाऊस थांबेना, बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-शहापूरकडच्या शेतांत पसरलं, तेव्हा मात्र त्याच ग्रुपवर मागच्या आळीतल्या विणकराचे माग उचलून ठेवायला दहा पोरं जमली. तोवर त्या घराशी आमची फक्त मान हलवण्यापुरती ओळख.

आणखी एक गोष्ट सांगायची, ती लिपीची. पाणी कधी सुटणार याची सूचना येते कन्नडमध्ये, आणि आमच्या आईसारख्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. शेजारच्या अक्कांनी आपणहून ती बोलून पाठवायला सुरुवात केली, आधी कन्नडमध्ये, मग मोडक्या मराठीत. राकसकोप धरणाचं पाणी नळाला येणार म्हटलं की आई आता मजकूर उघडतच नाही, अक्कांच्या आवाजाची वाट बघते. त्यांच्या मराठीला पोरं हसतात, आणि आमच्या कन्नडला त्या. सीमाप्रश्नावरचे मेसेज मात्र तिथे कुणी टाकत नाही. असा नियम कुणी केलेला नाही, पण पाळतात सगळे.