१० एचपी काढून २५ एचपी बसवलं, वेग एकच नॉट वाढला. तळ बदलावा का?

खाडीमुख

फायबरची होडी आहे, पर्यटकांना ने-आण करण्यासाठी. पाण्यालगतची लांबी ७.३ मीटर (२४ फूट), पाण्यालगतची रुंदी १.८ मीटर, माणसं-सामान धरून वजन अंदाजे १८०० किलो. साचा जुन्या लाकडी होडीवरून काढलेला, म्हणजे तळ गोलसर आणि पिछाडीकडे वर चढत गेलेला. १० एचपीच्या आउटबोर्डवर ६.५ नॉट मिळत होते, २५ एचपीवर ७.५ मिळतात. पूर्ण थ्रॉटलला नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उठते, पिछाडी बसते ("होडी मागसून बसता", असं तांडेल म्हणतात), मागे मोठी लाट उभी राहते आणि पेट्रोल दुपटीहून जास्त जातं. आरपीएम ४२०० च्या वर चढत नाही. पंखा १२ इंच पिचचा (न घसरता एका फेऱ्यात तेवढा पुढे सरकणारा), गिअर २.०८ (इंजिनाचे २.०८ फेरे, तेव्हा पंख्याचा एक).

हवेत १२ नॉट. ४० एचपी घ्यावं का? नाळ अजून धारदार करावी? मोठ्या जहाजांना पुढे फुगा असतो तसा लावावा? की तळाला वॅक्स, शार्कच्या कातडीसारखी फिल्म, हायड्रोफॉइल (होडीला वर उचलणारा पाण्यातला पंख)? पैसे नेमके कशावर घालावे?

जलरेषा

४० एचपी अजिबात घेऊ नका. तुमची होडी स्वतःच्याच लाटेत अडकली आहे.

होडी चालते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते, आणि त्या लाटेची लांबी फक्त वेगावर ठरते. नॉटमधल्या वेगाचा वर्ग करून ०.१७ ने गुणा, लाटेची लांबी मीटरमध्ये येते. ५ नॉटला ती सव्वाचार मीटर, म्हणजे होडीखाली पावणेदोन लाटा मावतात. ६.६ नॉटला ७.३ मीटरच्या आसपास: एक शेंडा नाळेवर, दुसरा बरोब्बर पिछाडीखाली. ७.५ नॉटला साडेनऊ मीटर. आता दुसरा शेंडा होडीच्या मागे निघून गेला आणि पिछाडी खळग्यात उतरली. मग होडी कायम चढावर. नाळ उठते ती इंजिनाच्या जोराने नव्हे, मागचा आधार गेल्यामुळे.

फुटांमधल्या पाणलांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४ हे जे सूत्र सगळीकडे दिसतं, ते याच गणिताचं सोपं रूप. २४ फुटांना ६.६ नॉट. ही काही भिंत नाही, पण इथून पुढे प्रत्येक अर्ध्या नॉटची किंमत आधीच्या अर्ध्या नॉटपेक्षा कितीतरी जास्त पडते. तुम्ही १५ एचपी ओतून एक नॉट मिळवलात, ते यामुळेच.

आता घर्षणाचं बघा. तुमच्या होडीचा भिजणारा पृष्ठभाग साधारण १० चौरस मीटर. तळ गुळगुळीत असेल तर ६.६ नॉटला घर्षणाचा रोध जेमतेम १५० न्यूटन, म्हणजे १५ किलोची ओढ. त्यासाठी पाण्यात पोचलेली पाऊण एचपीसुद्धा लागत नाही. या वेगाच्या वर बाकीची बहुतेक ताकद लाट उभी करण्यात जाते. म्हणून वॅक्स, फिल्म वगैरे मंडळी मूळ दुखण्याला हातच लावत नाहीत.

नाळ धारदार केली की पाणी 'कापलं' जातं, ही समजूत फार जुनी. विल्यम फ्रूड या इंग्लिश नौका-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच टोकदार आणि बोथट अशा दोन प्रतिकृती ओढून पाहिल्या. एका वेगाला एक सरस, दुसऱ्या वेगाला दुसरी. पुढे १८७२ मध्ये त्याने टॉर्की इथे प्रतिकृती ओढायची टाकीच उभारली. एकच आकार सगळ्या वेगांना चांगला, असं नसतंच.

जहाजांचा फुगा स्वतःची लाट तयार करतो आणि ती नाळेच्या लाटेला मारते, पण ठरावीक वेगाला आणि ठरावीक बुडीलाच (होडी पाण्यात जितकी खोल बसते ती बुडी). दहा माणसं चढली-उतरली की तुमची बुडी बदलते, आणि उरलेल्या वेळी फुगा म्हणजे नुसता जादा भिजणारा पृष्ठभाग.

फायबरवाला

वरचं सगळं मान्य. पण तळ कसा आहे ते न मोजता 'होणार नाही' म्हणू नये. होडी ओढून वर घ्या. २ मीटरची सरळ ॲल्युमिनियमची नळी तळाच्या मधल्या कण्यापासून (कील) ३० सेंटीमीटर बाजूला, लांबीच्या दिशेत, पिछाडीच्या तळाला लावा. नळीचं पुढचं टोक तळाला चिकटवून सपाट धरा आणि ट्रान्समपाशी (पिछाडीची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं) किती फट राहते ते मोजा.

फट ५ मिलिमीटरच्या आत असेल, तळ आणि बाजू मिळतात ती कड गोल नसून कोनात मोडलेली असेल आणि ट्रान्समची खालची कड पाण्यात बुडत असेल, तर तो तळ पाण्यावर उचलला जाऊ शकतो, ज्याला प्लेनिंग म्हणतात. तेव्हा प्रश्न फक्त वजन आणि ताकदीचा. नीट प्लेनिंगसाठी एका एचपीमागे २० ते २५ किलो धरतात. तुमचे १८०० भागिले २५ म्हणजे ७२ एचपी, भागिले २० म्हणजे ९०. साधारण ८० एचपी लागेल.

फट १० सेंटीमीटरहून जास्त आली तर ८० एचपीनेही उचलणार नाही. तळ मागे वर वळतो तिथे पाणी त्या वळणाला चिकटून धावतं, तिथला दाब कमी होतो आणि पिछाडी खाली खेचली जाते. जितका वेग तितकी ओढ. अशा होडीवर मोठं इंजिन टांगलं तर पहिलं पाणी ट्रान्समवरून आत येतं, तेही गिऱ्हाईक बसलेलं असताना. इंजिन बदलताना मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरला आधी विचारायचं ते याच भीतीने.

आता पंखा. आरपीएम गुणिले पिच (इंच), भागिले गिअर, भागिले १२१५ म्हणजे न घसरता मिळणारे नॉट. तुमचं ४२०० × १२ ÷ २.०८ ÷ १२१५ = १९.९. प्रत्यक्षात ७.५. घसर ६२ टक्के. जड, संथ होडीला ३० ते ५० टक्के घसर चालते, प्लेनिंगवाल्याला १० ते २०. या वर्गाच्या इंजिनांची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा साधारण ५००० ते ६००० असते (तुमच्या इंजिनाची पुस्तिका बघून खात्री करा), म्हणजे तुमचं इंजिन चढावर टॉप गिअरमध्ये रेटलेल्या ट्रकसारखं चाललंय. थ्रॉटल उघडा, फेरे कमी: पिस्टनवर कार्बन, उष्णता आणि पुढे बेअरिंगचा खर्च. पिच एक इंच उतरवला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ८ इंच पिच घ्या, आणि गिअरकेसमध्ये मावेल तेवढा जास्त व्यासाचा. वेग वाढेल या आशेने नव्हे, इंजिन वाचेल म्हणून.

तिरकस_सुकाणू

पिछाडी बसते त्यावर स्वस्त उपाय आहे, पाचर. ट्रान्समच्या तळाला पूर्ण रुंदीत फायबरची पाचर चिकटवायची: लांबी २० सेंटीमीटर, कोन ५ अंश, म्हणजे मागच्या टोकाला जाडी १७ मिलिमीटर. पिछाडीखाली दाब वाढतो, नाळ एक-दोन अंश खाली येते. आधी मरीन प्लायची पाचर स्क्रूने लावून चाचणी घ्या, फरक पडला तरच फायबरमध्ये कायमची करा. स्क्रूच्या भोकांत सीलंट न भरता पाण्यात उतरू नका.

जलरेषा

पाचर सपाट किंवा जवळपास सपाट तळाला काम करते. मागे चांगलाच वर वळलेल्या तळाला ती फक्त तेवढ्या २० सेंटीमीटरमध्ये झगडते, पुढचं वळण तसंच ओढत राहतं. त्यातून अर्धा नॉटही निघायचा नाही. आणि मागच्या लाटेवर होडी घसरायला लागली की खाली दाबलेली नाळ सुकाणू ऐकत नाही. पाचर मोठी केली तर हाच धोका वाढतो.

मागे ६० सेंटीमीटरची जोड देऊन लांबी वाढवायचा सल्लाही कोणीतरी देईलच. ७.३ चे ७.९ मीटर झाले तर वर्गमुळाच्या हिशोबाने ४ टक्के: ६.६ चे ६.८ नॉट.

दोनतळी

१२ नॉट हवेच असतील तर या होडीला हात लावू नका, पैसे दुसऱ्या तळासाठी ठेवा. आणि तो तळ सपाट, ताकदखाऊच हवा असं नाही. अरुंद तळाला लाटच फार छोटी उठते.

रोइंगमधली आठ जणांची नाव साधारण १७ मीटर लांब आणि पाण्यालगत ६० सेंटीमीटरच्या आत रुंद. वरच्या सूत्राने तिला १० नॉटवर अडकायला हवं. पण ऑलिंपिक दर्जाची टोळी २००० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत संपवते, म्हणजे पावणेबारा नॉटच्या वर, तेही हातांच्या जोरावर. रुंदीच्या दहापट किंवा जास्त लांबी झाली की १.३४ वाला नियम सैल पडतो आणि रोधाचा मोठा हिस्सा घर्षणाचा उरतो. एवढी अरुंद होडी एकटी उभी राहत नाही, म्हणून दोन जोडायच्या. आपल्याकडची उलांडीची होडी याच कल्पनेची: मुख्य खोड अरुंद ठेवायचं आणि तोल बाजूच्या तराफ्यावर टाकायचा. गेटवे ते मांडवा कॅटामरानने जाताना दोन तळांमधून मागे पडणारी लाट बघा, त्या आकाराच्या एकतळी बोटीपेक्षा ती कितीतरी बसकी असते.

तुमच्या १८०० किलोसाठी ढोबळ आराखडा असा. प्रत्येक तळ पाण्यालगत ८ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, बुडी सुमारे ३७ सेंटीमीटर. दोन्ही तळांच्या मध्यरेषांतलं अंतर २.६ ते ३ मीटर. त्याहून जवळ आणले तर दोघांच्या आतल्या लाटा मध्येच एकमेकींवर चढतात आणि रोध वाढतो. फार लांब नेले तर मधली जोड जाड करावी लागते, म्हणजे पुन्हा वजन. मधल्या डेकचा तळ पाण्यापासून निदान ५० सेंटीमीटर वर हवा, नाहीतर पावसाळ्याआधीच्या वाऱ्यात पाण्याचे तडाखे थेट डेकवर बसतात.

तोटा आधीच सांगतो. भिजणारा पृष्ठभाग १० चा १४ चौरस मीटर होतो, त्यामुळे ५ नॉटला ही होडी तुमच्या आताच्या होडीपेक्षा जास्त पेट्रोल खाईल. फायदा आठ-नऊ नॉटनंतर दिसतो. १२ नॉटला घर्षण सुमारे ६४० न्यूटन, लाट आणि इंजिनाचे पाय धरून त्याची दुप्पट समजा. पाण्यात ११ एचपी पोचायला हवी. पंख्यापर्यंत निम्मी वाया जाते असं धरलं तर २२ एचपी. १५-१५ ची दोन इंजिनं पुरतात आणि हाताशी थोडं राहतं.

बिघडतं कुठे? वजनात. अरुंद तळ १ सेंटीमीटर बसायला ७० किलोच लागतात. ठरलेल्यापेक्षा दहा माणसं जास्त घेतली की १० सेंटीमीटर खाली, ट्रान्सम पाण्यात रुतून मागे भोवरे, आणि १२ चे ९ नॉट. कारखान्यात फायबरचा एखादा थर 'मजबुतीसाठी' वाढवला तरी तेच. साचा भरताना रेझिन आणि मॅटचं वजन रोज लिहून ठेवायला सांगा.

हायड्रोफॉइलचा हिशोबही करून टाकू. १८०० किलो १२ नॉटला पाण्याबाहेर उचलायला साधारण १.८ चौरस मीटरचा पंख लागतो, घराच्या दाराएवढा, आणि तो तळाच्या बराच खाली टांगलेला. वाळूच्या दांड्यांवर, जाळ्यांत आणि प्लास्टिकच्या दोऱ्यांत त्याचं काय होईल ते तुम्हीच ओळखा.

फायबरवाला

वॅक्स आणि फिल्मचं राहिलं. पाण्याचा सर्वांत आतला थर तळाला चिकटूनच असतो, पृष्ठभाग पाणी झटकणारा असला तरी. त्यामुळे वॅक्सने चकाकी येते, वेग नाही. खाचांची फिल्म खरी आहे: १९८७ मध्ये अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत जिंकणाऱ्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' नौकेच्या तळाला ती होती. पण पाण्यात कायम उभ्या राहणाऱ्या होडीवर त्या बारीक खाचा शेवाळाच्या चिकट्याने भरून जातात.

महत्त्वाचा असतो खडबडीतपणा. ६.५ नॉटला सुमारे २५ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचसखलपणा पाण्याला कळत नाही, १२ नॉटला १५. ब्रशने फासलेला अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा) रंग याच्या कितीतरी पट खडबडीत असतो. २२० आणि मग ४०० नंबरच्या पाणकागदाने घासा, ओलंच घासा. त्या रंगात तांबं असतं, कोरडी धूळ नाकात जाता कामा नये. बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) धरलेले असतील तर घर्षण सहज दुप्पट होतं. ते काढल्यावर चिकटलेला चुन्याचा गोल तळही खरवडा. अर्धवट सोडला तर वरचा रंग तिथूनच सुटतो.

खाडीमुख

मोजलं. नळी लावून ट्रान्समपाशी फट २० सेंटीमीटर. म्हणजे प्लेनिंगचा विषय संपला. आणखी एक निघालं: रिकामी होडी नवी असतानाच्या खुणेपेक्षा ४ सेंटीमीटर जास्त बसते. तळाला फक्त शेवाळ आहे, आत पाणी दिसत नाही. इंजिन बदललं त्याचं वजन असेल का?

दोनतळी

नाही. तुमच्या होडीला १ सेंटीमीटर बसायला साधारण ९० किलो लागतात. ४ सेंटीमीटर म्हणजे ३६० किलो. दोन इंजिनांतला फरक त्याच्या आसपासही येत नाही. डेकखालच्या फोमने पाणी प्यायलं असावं.

फायबरवाला

होडी नाळ उंच करून कलती ठेवा. आतल्या डेकला, पिछाडीकडच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलच्या टोकाला १५ मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे बाहेरचा तळ फुटणार नाही. भुसा ओला आला किंवा पाणी ठिबकलं की कळलंच. भिजलेला फोम उन्हात वाळत नाही, महिनाभर ठेवला तरी नाही. डेक चौकोनात कापून तो काढावा लागतो. आतले प्लायचे आडवे आधार टोकदार सळईने टोचून बघा, मऊ लागले तर तेही गेले. नवीन फोम ओतण्याआधी पाणी आत कुठून शिरलं ते शोधा. बहुतेक वेळा ते डेकवरच्या क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बोल्टमधून किंवा ट्रान्समच्या इंजिनबोल्टमधून शिरतं, आणि तुमचं इंजिन तर आत्ताच बदललंय. जुन्या बोल्टची भोकं कशाने बुजवली ते आधी तपासा.