जुनी स्कूल बस घेऊन त्यात राहण्यासारखं घर करायचंय, कोणी केलंय का?

भांडुपची_पालवी

मंडळी, विषय जरा येडचाप वाटेल पण सिरियसली विचारतेय. नणंदेचे मिस्टर कॉन्ट्रॅक्टवर शाळेच्या बसेस चालवतात, त्यातली एक मिनी बस आता काढून टाकायचीय. इंजिन चालू आहे पण जुनी झाली म्हणून शाळेला नकोय, भंगारात जाणार त्यापेक्षा तुम्ही न्या म्हणाले. आमची मुरबाडला सासऱ्यांच्या नावावर थोडी शेतजमीन आहे, तिथे शनिवार-रविवार राहायला काहीतरी हवंय आणि बांधकामाचं कोटेशन ऐकून आम्ही दोघं गप्पच झालो. त्यात मिस्टरांनी यूट्यूबवर ते अमेरिकेतले स्कूलीवाले (जुन्या स्कूल बसचं घर करणारे) बघितले, आता रोज जेवताना तोच विषय.

टेप लावून मोजलीय: ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनपासून मागच्या काचेपर्यंत १९ फूट, रुंदी आतून पावणेसात, उंची मधोमध ५ फूट ११ इंच. (मिस्टर ५ फूट १० इंच, म्हणजे बसतंय!) ओटा, झोपायची सोय आणि टॉयलेट एवढं पाहिजे. मुलगी म्हणते एसी पाहिजे, तिचं सध्या ऐकत नाहीये.

आरटीओचं काय करायचं? आणि साधारण खर्च किती येतो?

आरटीओचा_उंबरठा

ताई, आधी एकच ठरवा, बस चालणार आहे की उभी राहणार आहे. बाकी सगळं त्यावरून ठरतं, अगदी टॉयलेटसुद्धा.

चालवायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, परवानगीशिवाय तर नाहीच. नुसत्या सीट काढल्या तरी आसनक्षमता बदलते. घरासारख्या गाडीला आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅन म्हणतात, त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे, मान्यतेची कामं पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्था करतात, आणि हे सगळं एका जुन्या मिनी बससाठी करत बसणं म्हणजे चाराण्याची कोंबडी बाराण्याचा मसाला. राज्य सरकारचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण ते धंदा करणाऱ्यांसाठी, तुमचं तसं नाही. अमेरिकेत लोक टायटल (मालकीचा कागद) बदलून आरव्ही म्हणजे राहण्याची गाडी म्हणून नोंदवतात, पिवळा रंग नि स्टॉपची पाटी काढली की बऱ्याच ठिकाणी काम होतं, ते व्हिडिओ बघून इथला अंदाज बांधू नका.

तुमचं वर्णन वाचून वाटतं बस एकदा मुरबाडला गेली की हलणार नाही. मग नोंदणी रद्द करायची, कलम ५५. थकलेला टॅक्स, ई-चलन, बँकेचा बोजा आधी नील करून घ्या, नणंदेच्या मिस्टरांच्या नावावर असतानाच, नंतर नात्यात कटकट नको. एक गोष्ट मात्र नीट ऐका. अधिकृत स्क्रॅप सेंटरला गाडी दिली तर ते ती तोडणार, सर्टिफिकेट मिळेल पण बस मिळणार नाही. तुम्हाला बॉडी हवीय, तेव्हा पैसे देण्याआधी आरटीओत लेखी अर्ज टाकून विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि नोंदणी रद्द झाल्यावर ती रस्त्यावर चालवत न्यायची नाही, लो-बेड ट्रेलर आणि उतरवायला हायड्रा क्रेन लागेल, ते भाडं बजेटमध्ये धरा. शेतापर्यंतच्या रस्त्यावर ट्रेलर वळतो का ते आधी बघून या.

पत्रा_आणि_रिबेट

वरच्या साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. बस बॉडीच्या कामात आहे.

खर्च कोणी फोनवर सांगितला तर त्याच्याकडे जाऊ नका, फ्लोअर उचलल्याशिवाय कळतच नाही. मिनी बसला चेसिसवर एमएस (साध्या पोलादाच्या) पाइपची फ्रेम असते, बाहेरून पत्रा, खाली प्लाय आणि त्यावर व्हिनाइल. मुलं पावसाळ्यात ओले बूट घेऊन चढतात, पाणी बॉटल सांडतात, ते सगळं व्हिनाइलच्या खाली जाऊन बसतं. वरून चकाचक दिसतं आणि खाली प्लायचा चिखल. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन जा आणि चार ठिकाणी दाबून बघा: दरवाज्याची पायरी, चाकांच्या वरचे कमानी पत्रे, इमर्जन्सी दरवाज्याचा उंबरा, आणि खिडकीच्या खालची आडवी पाइप. पायरीचा पत्रा गेला तर बदलता येतो, काही नाही, पण आडव्या पाइपमध्ये स्क्रूड्रायव्हर आत गेला तर नमस्कार करून परत या.

दुसरं उंची. ५ फूट ११ इंच आत्ताची. पत्रा उन्हात किती तापतो सांगायला नको, म्हणजे छताला इन्सुलेशन लागणारच, एक इंच एक्सपीएस (कडक फोमची) शीट, त्यावर पातळ प्लाय, खाली नवीन फ्लोअर, सगळं मिळून दोन इंच सहज जातात. राहिले ५ फूट ९ इंच. मिस्टरांना विचारा वाकून चहा करायची तयारी आहे का 😄 अमेरिकेत छप्पर कापून वर उचलतात, आपल्याकडेही फॅब्रिकेटर करेल पण मग मुरबाडच्या पावसात ते वेल्डिंग आणि जोड गळणार नाहीत याची जबाबदारी कोण घेणार. त्यापेक्षा मधल्या दोन फूट पट्ट्यात इन्सुलेशन पातळ ठेवा, बाहेरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट द्या, आणि जमलं तर बसच्या वर वेगळी पत्र्याची शेड टाका, मध्ये हवा खेळती राहील असं फूटभर अंतर ठेवून. ऊनही अडतं नि पाऊसही, गळतीचा प्रश्नच मिटतो. गाडी उभीच असेल तर यासारखा उपाय नाही.

चाकं मातीवर सोडू नका. ॲक्सलखाली काँक्रीटचे ठोकळे, टायरवरचा भार काढा. खालून सगळीकडे बारीक जाळी मारा, उंदीर वायरिंग खातात आणि उंदरामागे कोण येतं ते शेतावरच्या माणसाला सांगायला नको. सामान सगळं नागदेवी स्ट्रीटला मिळेल, जुन्या खिडक्या-काचा कुर्ल्याला.

वरळीकरीण

मी आपली गंमत बघतेय. १९ गुणिले पावणेसात म्हणजे १२८ चौरस फूट. आमची बीडीडी चाळीतली खोली १६० ची होती, त्यात आम्ही सात जण आणि गावाहून कोणी आलं की आठ-नऊ, आणि याला कोणी टायनी होम म्हटलं नाही हो 😂

गंमत सोडा, पण त्या खोलीतलं तुमच्या कामाचं सांगते. यूट्यूबवाले पलंग मागे फिक्स करतात, तसं करू नका, अर्धी बस पलंगाने खाल्ली की दिवसा बसायचं कुठे. आमच्याकडे गाद्यांची वळकटी व्हायची आणि जागा मोकळी. बसच्या दोन्ही कडांना पेटीसारखे बाक करा, आत गाद्या-भांडी, रात्री मधे फळी टाकली की झोपायला जागा. खिडकीचे आडवे बार काढू नका, आयती ग्रिल आहे, कपडे वाळत घालायला पण. आणि मोरी! टॉयलेट टॉयलेट सगळे करतात, मोरीचा कोणी विचार करत नाही. भांडी कुठे घासणार, पाय कुठे धुणार? दरवाज्याच्या पायरीपाशी उतार देऊन मोरी करा, पाणी बाहेर केळीला.

टॉयलेट आत कशाला घेताय, स्वतःची जमीन आहे ना? बाहेर दोन शोषखड्ड्यांचं बांधा, एक भरला की दुसरा चालू. १२८ फुटात संडास आणि ओटा शेजारी शेजारी, मला नाही जमणार बाई.

नको_रे_बाबा

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा पोर्टा केबिन (तयार पत्र्याची खोली) घ्या, सरळ उभे राहाल, चौकोनी भिंती, ट्रेलरचा खर्च तोच. बसमध्ये एक भिंत सरळ नसते, प्रत्येक कपाट मापून कापावं लागतं, सुतार वैतागून पळेल. केरळ एसटीने मुन्नारच्या डेपोत जुन्या बसमध्ये झोपायची सोय केली २०२० मध्ये, ते ठीक, त्यांच्याकडे बस आणि वर्कशॉप दोन्ही घरचं.

पत्रा_आणि_रिबेट

@नको_रे_बाबा बस त्यांना फुकटात मिळतेय हे पण बघा की. पण पॉइंट बरोबर आहे, फ्रेम सडलेली निघाली तर केबिनच घ्या.

भांडुपची_पालवी

बापरे, सगळ्यांचे आभार. बस उभीच ठेवायची, हे पक्कं. मोरीची आयडिया सासूबाईंना वाचून दाखवली, त्या म्हणाल्या ही बाई आपल्याकडची दिसते. एसीवरून घरात अजून तुंबळ चालू आहे, दोन सोलर पॅनेलवर चालेल का?

आरटीओचा_उंबरठा

एक टनाचा एसी चालू असताना हजारेक वॅट खातो, रात्रभर चालवायचा तर चार-पाच युनिट धरा. १०० एएच ची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट. तुम्हीच हिशोब करा. पंखे, लाइट, मोबाइल, छोटा फ्रिज, एवढं सोलरवर आरामात. बाकीसाठी महावितरणचं कनेक्शन घ्या.

भांडुपची_पालवी

म्हणजे एसी कॅन्सल, मुलीला हा रिप्लाय फॉरवर्ड केलाय. रविवारी बस बघायला जातोय, स्क्रूड्रायव्हर घेऊन. पाऊस असेल तर जाऊ का पुढे ढकलू?

पत्रा_आणि_रिबेट

पाऊस असतानाच जा. तासभर आत बसून छताच्या रिबेटकडे बघत राहा. आणि नणंदेच्या मिस्टरांसमोर स्क्रूड्रायव्हर जरा हळू मारा.