'खरीप' हे नाव पेरणीचं की काढणीचं?

कोरडवाहू: मृगात पेरतो म्हणून खरीप, हे आपण धरूनच चालतो. पण अरबीत खरीफ म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. शरदात घरी येतो तो खरीप, वसंतात येते ती रब्बी. महसुलाचा कारभार फारसीत चालायचा तेव्हाचे हे शब्द. सारा घेणाऱ्याची नजर तिफणीवर नसते, खळ्यावर असते. माझ्या मते म्हणूनच नाव काढणीवरून पडलं. शाळेतही मुलांना 'पावसाळी पीक' एवढंच न सांगता हा मूळ अर्थ सांगायला हवा.

पाभर: दादा, मूळ मान्य, पण आजचा अर्थ तो नाही. तूरच बघा. जून-जुलैत सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत कापणीला येते. भल्या पहाटे थंडीत पेंढ्या बांधताना वाळल्या शेंगा खुळखुळतात, तेव्हा शरद कधीच सरलेला असतो. तरी तुरीला रब्बी कुणी म्हणत नाही. कपाशीच्या वेचण्याही हिवाळ्यात जातात. पावसाळ्याच्या तोंडी पेरलं ते खरीप, शेतकऱ्याच्या लेखी अर्थ एवढाच. रबीउल अव्वल या इस्लामी महिन्याच्या नावातही तोच 'रबी' आहे, पण हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, अधिक महिना नसलेलं, म्हणून तो सगळ्या ऋतूंतून फिरतो. तिथं वसंत कुणी शोधतं का?

कोरडवाहू: दोन पिकांवरून अर्थ ठरवू नका. बाजरी, सोयाबीन, भात दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघतात, मूग-उडीद त्याआधीच. शब्दाशी जुळणारी पिकंच जास्त आहेत.

शाळू: मला तर दोन्ही शब्द नकोत. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आपण पेरतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुरलेल्या ओलीवर. म्हणजे ऐन शरदात पेरायचं आणि नाव वसंताचं! पावसाळी-हिवाळी म्हटलं की शेतात न गेलेल्या पोरालाही कळतं. दीड वर्ष शेतात राहणाऱ्या उसाला आपण 'आडसाली' म्हणतोच ना?

पाभर: ताई, यात मी दादांच्या बाजूने. हे शब्द काढू नयेत. पीकविमा, पैसेवारी, सगळीकडे तेच आहेत, आणि भाषेनंही ते केव्हाच आपले केलेत. फ चा प झाला, ब ला जोड मिळाली. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं तसं 'खरीप'चं 'खरिपाला' होतं. माझी आई 'खरिपाचं बियाणं' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पहिल्या पावसात भिजलेली काळी जमीन असते. माझ्यासाठी खरिपाचा अर्थ तोच.